आजीची ट्रंक ते खवासा नाका: फोनवरून स्थलांतर शिकवताना

सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडमुळे शाळा बंद असताना, मी आठवीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न टाकला: "आपल्या वर्गात कोणाकोणाचं घर बाहेरून आलेलं आहे?" भूगोलातला 'लोकसंख्या' हा धडा सुरू करायचा होता, म्हटलं मुलांच्या अनुभवापासून सुरुवात करू. मिनिटभरात उत्तरं यायला लागली, पण स्वतःबद्दल कोणीच लिहीना. सगळ्यांनी मिळून एकाच मुलाचं नाव टाकलं. "मॅडम, हा एमपीचा हाय." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दहा मिनिटांनी ग्रुपवर ती बारीक राखाडी ओळ उमटली, तो ग्रुपमधून बाहेर पडला होता.

वर्गात असतो तर मी त्याच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले असते, हसणाऱ्यांकडे एकदा बघितलं असतं, पुढे गेले असते. फोनवर तो नुसताच नाहीसा झाला. त्याचे वडील नागपुरात फरशी बसवायचं काम करायचे. टाळेबंदीत काम थांबलं तेव्हा हे कुटुंब मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातल्या गावी पायी गेलं होतं आणि मुलगा तिथून मामाच्या फोनवर शिकत होता. हे मला माहीत होतं. तरीही प्रश्न विचारला.

प्रश्न दोन्ही अंगांनी चुकला होता. एक तर भर चौकात विचारला. दुसरं म्हणजे बाकीचा वर्ग जणू नागपूरच्या काळ्या मातीतूनच उगवला आहे, असं त्यात गृहीत होतं. मग सगळं पुन्हा आखलं. २०२१ चं सत्रही मोबाइलवरच सुरू झालं आणि दोन-तीन शिक्षकांनी "तुम्ही ते स्थलांतराचं कसं घेतलं होतं?" असं विचारलं, म्हणून इथे पायरीपायरीने लिहिते. आठवी ते दहावीला चालेल. तीन आठवडे धरा, घाई करू नका.

आधी फोन मोजा

विषयाआधी हे करा, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. प्रत्येक घरी एक फोन लावायचा आणि तीनच गोष्टी वहीत लिहायच्या: फोन कोणाचा, तो घरी किती वाजता असतो, महिन्याचा डेटा कधी संपतो. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत एकच फोन होता आणि तो सकाळी वडिलांबरोबर किंवा आईबरोबर कामावर जायचा. "मॅडम, आई फोन घेऊन कामाले गेली, संध्याकाळी पाठवतो," हे वाक्य मी वर्षभर ऐकलं. त्यामुळे सकाळी अकराच्या तासाला जी मुलं दिसतात तेवढाच आपला वर्ग, असं धरलं तर ज्यांच्याबद्दल हा पाठ आहे नेमकी तीच मुलं गळतात.

मी आठवड्यातून एकच तास फोनवर थेट घेतला, रविवारी संध्याकाळी सातला, चाळीस मिनिटं. बाकी सगळं व्हॉइस नोटवर. नोट दोन मिनिटांच्या आत. व्हिडिओ पाठवलाच नाही, यूट्यूबची लिंकही नाही. साधा फोन असलेल्या पाच-सहा घरांसाठी शनिवारी कॉन्फरन्स कॉल करायचे आणि त्या आठवड्याचा कागद शाळेत पोषण आहाराचा तांदूळ न्यायला पालक यायचे तेव्हा त्यांच्या हाती द्यायचे. हा शेवटचा उपाय सगळ्यांत भरवशाचा निघाला. नेटवर्क जायचं, तांदूळ न्यायला कोणीतरी यायचंच.

आणखी एक ठरवून टाका. ग्रुपवर फक्त सूचना जातील, उत्तरं शिक्षकाच्या वैयक्तिक नंबरवर येतील. वर्गापुढे काय जाईल ते त्या मुलाला आणि घरच्यांना विचारूनच.

पहिली पायरी: शब्द गोळा करा

पहिलं काम सोपं द्या. दुसरीकडून आलेल्या किंवा दुसरीकडे गेलेल्या माणसाला तुमच्या घरात कोणते शब्द वापरतात? आई-बाबांना, आजीला विचारा, सगळे लिहा. चांगले-वाईट ठरवू नका.

आमच्याकडे आलेली यादी: पाहुणे, परगावचे, बाहेरचे, परप्रांतीय, निर्वासित, फॉरेनवाले, मजूर, भैय्या, बिऱ्हाडकरू, लमाण. एका मुलाने लिहिलं, "आमच्या इकडे म्हणतात जगाले गेले." या एका शब्दप्रयोगावर मी रविवारचा अर्धा तास घालवला. भंडारा-गोंदियाकडची माणसं धानाच्या रोवणीला जातात, गडचिरोलीची तेलंगणात मिरची तोडायला जातात, मेळघाटातली वीटभट्टीवर जातात. घराला कुलूप असतं, शेजारी सांगतात, "जगाले गेले." कारण आणि क्रिया एकाच शब्दात. पाठ्यपुस्तकातली 'आर्थिक कारणांसाठी होणारे हंगामी स्थलांतर' ही ओळ मुलांना या शब्दामागून आपोआप समजते.

मग शब्दांच्या तीन-चार राशी करायच्या. स्वतःहून गेलेले, नाइलाजाने गेलेले, सरकारने किंवा धरणाने उठवलेले, देशाची सीमा ओलांडलेले. इथे स्थलांतरित, विस्थापित आणि निर्वासित यांतला फरक स्पष्ट करा. गोसेखुर्द धरणात गाव गेलेलं कुटुंब विस्थापित आहे, निर्वासित नाही. १९४७ साली सिंधमधून आलेलं कुटुंब निर्वासित आहे, कारण त्यांनी छळाच्या किंवा हिंसेच्या भीतीने सीमा ओलांडली. अमेरिकेत नोकरीला गेलेला दादा यांपैकी दोन्ही नाही. आणि 'जगाले गेले' कोणत्या राशीत? स्वतःहून की नाइलाजाने? माझ्या वर्गाचं यावर एकमत झालं नाही. मीही केलं नाही.

शिवीसारखे वापरले जाणारे शब्द यादीत येणारच. ते खोडू नका. "हा शब्द कोण कोणाला म्हणतं? त्या माणसासमोर म्हणतं का?" एवढंच विचारा. मुलांना पुरतं.

दुसरी पायरी: आई कुठली?

ही पायरी करणार नसाल तर बाकीच्याही करू नका, असं मी म्हणेन.

काम असं: घरातल्या तीन पिढ्यांतल्या प्रत्येक माणसाचा जन्म कुठे झाला आणि ते आज कुठे आहेत, हे कागदावर काढा. बाण दाखवा. बाणावर कारण लिहा. झालं.

बहुतेक मुलांच्या कागदावर सगळ्यांत आधी हलणारी माणसं बायका निघतात. आई काटोलची, आजी पवनीची, काकू छिंदवाड्याची. मग जनगणनेकडे वळायचं. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ४५ कोटी लोक आपलं आधीचं राहतं ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त. त्यांच्या हलण्याचं सगळ्यांत मोठं कारण नोकरी नाही, लग्न. हा आकडा नुसता सांगितला तर मुलं वहीत उतरवतील आणि विसरतील. आपल्या आईच्या बाणावर 'लग्न' लिहून झाल्यावर सांगितला तर बसतो.

एका मुलीने आजीची व्हॉइस नोट पाठवली. मागे कुकरची शिट्टी, मध्येच कोणीतरी "कोणाशी बोलून राह्यली?" विचारतंय. आजी म्हणते, "लग्न झालं, दुसऱ्या दिवशी बंडीनं पवनी रोड, मंग छोट्या रेल्वेनं इतवारी. थे काय स्थलांतर होय? सासरी आली मी." नोटेखाली मुलीचा प्रश्न: "मॅडम, आजी नाही म्हणते. मग बाण काढू की नको?"

मी म्हटलं, बाण काढ, कारणाच्या जागी आजीचे शब्द लिही. दुसऱ्या दिवशी तिने आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेचा फोटो पाठवला. आत लुगड्यांच्या खाली एक लाकडी धोटा, दोन्ही टोकांना गुळगुळीत झालेला. पवनीच्या हातमागावर आडवा धागा नेणारा. आजोबा इकडे मिलमध्ये लागले तेव्हा माग मागेच राहिला, धोटा तेवढा आला. वर्गात हा धोटा मला कधीच दिसला नसता. घरातून शिकवण्याचे तोटे आपण सगळ्यांनी वर्षभर मोजले. या विषयापुरता मात्र घर हाच सगळ्यांत चांगला वर्ग आहे. साक्षीदार स्वयंपाकघरात आहेत आणि पुरावे ट्रंकेत.

एक सावधगिरी. काही घरांत तीन पिढ्या नसतात. कोविडमध्ये गेलेली माणसं असतात, सोडून गेलेला बाप असतो. म्हणून 'घर' ऐवजी 'तुमच्या ओळखीचं एक कुटुंब' असा पर्याय पहिल्याच सूचनेत द्या, कारण विचारू नका. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, शहराने जे पाहिलं त्यानंतर तर हे विसरूच नका.

तिसरी पायरी: शहराचा बाण

आता घराबाहेर या. विचारायचं एवढंच की नागपुरात 'मूळचे' कोण?

नागपूर वसवलं ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, १७०२ च्या सुमारास, बारा वस्त्या जोडून. राजधानी भरायला माणसं लागतात, म्हणून त्याने बाहेरून शेतकरी आणि कारागीर आणून बसवले. म्हणजे शहराचा जन्मच बोलावून आणलेल्या लोकांतून. मग भोसले आले आणि त्यांच्याबरोबर पश्चिमेकडून मराठी सरदार, कारकून, पुरोहित. १८५३ साली इंग्रजांनी राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत केला आणि त्याची राजधानी इथे ठेवली. पुन्हा बाहेरचे अधिकारी, वकील, शिक्षक. १८६७ साली मुंबईकडची रेल्वे पोचली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि विदर्भातून, छत्तीसगढातून हात आले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, जरीपटका वाढला. त्यांच्याबाबत एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा. पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले, तरी एक तुकडा भारतात राहिला. सिंध पूर्ण पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी माणसाला 'आपलं राज्य' म्हणून जायला भारतात जागाच नव्हती.

एवढी यादी एका दमात वाचून दाखवली तर तास मरेल. मी प्रत्येक मुलाला एकच खूण दिली: जरीपटका, इतवारीतली सराफा ओळ, एम्प्रेस मिलची जागा, मोमिनपुरा, हिवाळ्यातला तिबेटी स्वेटर बाजार, एखादं गुरुद्वारा, एखादं तेलुगू किंवा बंगाली मंडळ. गूगल मॅपवर शोधायचं, घरातल्या कोणाला तरी विचारायचं, एका मिनिटाची नोट करायची: इथे कोण आलं, कुठून, कशासाठी. ज्यांना मॅप उघडता येत नाही त्यांना खाण्याची खूण द्या. सावजी रस्सा हलबा-कोष्टी विणकरांच्या घरांतून आला. ज्या हल्दीरामची संत्रा बर्फी आपण नागपूरची म्हणून पाहुण्यांना बांधून देतो, ते घराणं बिकानेरचं. संत्रं आपलं, हात मारवाडचा. हे कळल्यावर एका मुलाने विचारलं, "मंग नागपूरचं काय हाय?" चांगला प्रश्न आहे, उत्तर देण्याची घाई करू नका.

तिबेटी बाजाराची खूण मी कोणाला तरी द्यायचीच, कारण तिथून देशाबाहेरचं स्थलांतर अगदी हाताशी येतं. दलाई लामा १९५९ साली भारतात आले, त्यांच्यामागे हजारो तिबेटी. त्यांच्यातल्या काहींसाठी १९७२ मध्ये आपल्याच विदर्भात, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ नॉरग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. मुलांना वाटतं निर्वासित म्हणजे टीव्हीवरच्या बोटीतली माणसं. नवेगावबांधच्या जवळ निर्वासित शेती करतात, हे ऐकून चकित होतात. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेरा भागातल्या बंगाली गावांचीही अशीच गोष्ट. पूर्व पाकिस्तानातून आलेली ती कुटुंबं सरकारने जंगलाच्या कडेला नेऊन वसवली.

चौथी पायरी: मे २०२०, तीन तारखा

हा भाग टाळावा असं वाटतं. टाळू नका, पण फार लांबवूही नका. एक तास, एक कागद.

नागपुरातून दोन मोठे महामार्ग जातात, उत्तर-दक्षिण ४४ आणि पूर्व-पश्चिम ५३. हैदराबादहून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशाकडे चालणारा माणूस वर्धा रोडने आपल्या शहरात शिरतो. मुंबई-पुण्याहून छत्तीसगढ, ओडिशाकडे जाणारा अमरावती रोडने येतो, भंडारा रोडने बाहेर पडतो. देशाचा मध्य मानला जाणारा झीरो माइलचा दगड आपण सहलीत दाखवतो. देशाचा मध्य म्हणजे काय, ते त्या मे महिन्यात रस्त्यावर दिसलं. माझ्या वर्गातल्या तिघांच्या घरून पोळ्या गेल्या होत्या, एकाचा भाऊ टोलनाक्यावर पाणी वाटत होता.

मुलांना कोऱ्या रेघेवर तीन तारखा मांडायला सांगा. १ मे २०२०: पहिली श्रमिक स्पेशल गाडी तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडातल्या हटियाला सुटली. प्रवासी रेल्वे बंद होऊन तोवर पाच आठवडे उलटले होते. ७ मे: परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणायला 'वंदे भारत' मोहिमेतली विमानं सुरू झाली. ८ मे: जालन्याहून निघालेले, रुळांवर विसावलेले १६ मजूर तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) करमाड इथे मालगाडीखाली गेले. ते भुसावळला गाडी मिळेल या आशेने चालले होते.

मग एकच प्रश्न: या तिन्ही तारखांतली माणसं घरीच निघाली होती, त्यांच्यात फरक काय होता? मुलं पैसा म्हणतील, पासपोर्ट म्हणतील, "विमानवाल्यांची यादी होती" म्हणतील. हे शेवटचं उत्तर पकडून ठेवा, सहाव्या पायरीला लागतं.

रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो मी दाखवला नाही. मुलांनी तो आधीच पाहिलेला असतो, आणि फोनच्या पडद्यावर एकटं बसून पाहणाऱ्या तेरा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला दिसत नाही. जिथे चेहरा दिसत नाही तिथे धक्का द्यायचा नाही, हा माझा नियम. तासानंतर "ज्याला बोलायचं असेल त्याने मिस कॉल द्या" एवढं सांगून ठेवा. मला चार आले. त्यांतल्या दोघांना मजुरांबद्दल बोलायचंच नव्हतं, वडिलांच्या सुटलेल्या नोकरीबद्दल बोलायचं होतं.

पाचवी पायरी: फोनवरची मुलाखत

प्रत्येक मुलाने एका माणसाशी फोनवर किंवा घरातल्या घरात दहा मिनिटं बोलायचं. शेजारची काकू, भाजीवाला, गल्लीतला चौकीदार, मुंबईत गेलेला मामा, पुण्यात आयटीत असलेली ताई. परदेशातला कोणी असेल तर उत्तम. एरवी वर्गात अमेरिकेतला माजी विद्यार्थी आणणं अशक्य असतं. आमच्या शाळेतून गेलेल्या एकाने त्याच्या सकाळी, आपल्या संध्याकाळी, गूगल मीटवर अर्धा तास दिला. जून २०२० मध्ये अमेरिकेने नवे एच-१बी, म्हणजे तिथे नोकरी करण्यासाठीचे, व्हिसा थांबवले होते. व्हिसाच्या कागदावर आपलं आयुष्य कसं टांगलेलं असतं ते त्याने सांगितलं. शेवटी म्हणाला, "इथे मी परप्रांतीय आहे रे." मुलं हसली, मग गप्प झाली.

मुलाखतीपूर्वी परवानगीचं वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या: "काकू, शाळेसाठी विचारतोय. नाव लिहिणार नाही. सांगायचं नसेल ते सांगू नका. आवाज टेप करू का?" नाही म्हटलं तर नाही.

प्रश्नांवर मेहनत घ्या, सगळं तिथे अडतं. "घर सोडताना तुम्हाला दुःख झालं का?" या प्रश्नाला "हो" याशिवाय उत्तर नाही. त्याऐवजी असे विचारा:

सोबत काय काय आणलं होतं?
पहिली रात्र कुठे काढली?
इथे यायचं कोणी सुचवलं?
पहिली मजुरी किंवा पगार किती, त्यातून काय घेतलं?
इथे आल्यावर कोणता शब्द कळला नाही?
मागे कोण राहिलं?

या यादीतला शब्दाचा प्रश्न सोन्यासारखा आहे. छत्तीसगढहून आलेल्या एका काकूंनी सांगितलं, "इथे पहिल्या दिवशी घरमालकीण म्हणाली, वांग्याची भाजी केली. मी म्हटलं, वांग्याची पानं खातात की काय? आमच्याकडे भाजी म्हणजे पालाच." दोन भाषांत तोच शब्द, अर्थ वेगळा. ही नोट मी त्यांच्या परवानगीने वर्गाला ऐकवली आणि पुढचा आठवडाभर मुलं घरोघरी असे शब्द शोधत होती.

लिहून पाठवताना सांगा की माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवा, शुद्ध करू नका. पहिल्या खेपेला बहुतेकांनी निबंध पाठवले: 'स्थलांतरितांना अनेक अडचणींना सामोरे जावे लागते.' परत पाठवले. "काकू असं बोलल्या का?" एवढंच लिहून.

सहावी पायरी: कोणाचा कागद चालतो?

नागरिकशास्त्राचा भाग इथे येतो. चार काल्पनिक कार्डं करा आणि गटागटाने वाटा. पहिलं, बालाघाटहून नागपुरात आलेला बांधकाम मजूर. दुसरं, भारतात जन्मलेली तिबेटी मुलगी. तिसरं, पाकिस्तानातल्या सिंधमधून व्हिसावर जरीपटक्यात नातेवाइकांकडे आलेलं कुटुंब. चौथं, अमेरिकेत नोकरी करणारा नागपूरकर. प्रत्येक गटाने शोधायचं: याला इथे राहायला कोणाची परवानगी लागते? रेशन मिळेल का? मतदान करता येईल का? मुलाला शाळेत घालता येईल का?

पहिल्या कार्डावर मुलं हमखास अडखळतात. त्यांना वाटतं बालाघाटवाल्यालाही काहीतरी परवाना लागत असणार. संविधानाचा अनुच्छेद १९ काढा: देशभर मुक्तपणे फिरण्याचा आणि भारतात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. परवाना लागत नाही. ही एक ओळ कळली तरी पाठ फुकट गेला नाही असं समजा. मग आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा, तेव्हा लागू असलेला कायदा. इतर राज्यांतले पाच किंवा जास्त कामगार आणणाऱ्या ठेकेदाराने नोंदणी, परवाना घ्यायचा. कामगाराला महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल तेवढा विस्थापन भत्ता द्यायचा. शिवाय जाण्या-येण्याचं भाडं. आता चौथ्या पायरीतलं 'विमानवाल्यांची यादी होती' हे उत्तर पुन्हा काढा. या कायद्याने मजुरांचीही यादी असायला हवी होती की नाही? मुलांनी मुलाखत घेतलेल्यांपैकी एकानेही असा भत्ता पाहिलेला नव्हता. फळ्यावर दोन आकडे लिहिण्यापेक्षा हे जास्त बोलतं.

तिबेटी मुलीच्या कार्डावर नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याचं नूतनीकरण येतं, परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी वेगळं ओळखपत्र. सिंधच्या कुटुंबाच्या कार्डावर दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा. भारताने निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही, एवढं सांगितलं तरी आठवीला पुरे. दहावीला पुढे जाता येईल.

इथे पालकांचे फोन येतात. मला दोन आले. "मॅडम, पोरांले राजकारण कायले शिकवता?" घरी फोन स्पीकरवर असतो, पूर्ण घर आपला तास ऐकतं, हे धरूनच बोला. मी त्यांना कार्डं पाठवली आणि म्हटलं, भाऊ, तुम्हीच पोराबरोबर सोडवा. एकांनी सोडवली. दुसऱ्यांनी पुन्हा फोन केला नाही.

गुण

परीक्षा घेऊ नका. बाणांचा कागद, शहराच्या खुणेची नोट, मुलाखत: प्रत्येकी दहा गुण. अक्षर, नेटवर्क, फोटोची स्पष्टता यांचे गुण कापायचे नाहीत. ज्याने वही पालकाच्या हाती पाठवली त्याचे तेवढेच. मुलाखतीत 'माणसाचे शब्द' दिसले की पूर्ण गुण.

आणि तो मुलगा

त्याला परत आणायला दोन आठवडे लागले. ग्रुपवर माफी मागितली ती मी, त्याच्याकडून काहीच नको म्हणून सांगितलं. मामाच्या फोनवर रोज एक साधा निरोप जायचा, गणिताचा, हवामानाचा. बाणांचा कागद त्याने पाठवलाच नाही, मी मागितला नाही. तिसऱ्या आठवड्यात वहीच्या पानाचा फोटो आला आणि खाली, "मॅडम, हे वर्गाला दाखवलं तरी चालते." नागपूर ते गाव, सव्वाशे किलोमीटरच्या वाटेवरचे थांबे त्याने स्वतःच्या खुणांनी लिहिले होते:

कन्हानचा पूल — सावली नाही.
मनसर — एका काकांनी टरबूज दिलं, बिया बहिणीने फडक्यात ठेवल्या.
देवलापार — रात्री झोपलो, कुत्रा सोबत आला.
खवासा — इथे मराठी पाट्या संपतात. बाबा म्हणाले, आता घर आलं. मला वाटलं, आता शाळा गेली.